गोष्ट ओळखा, बझर दाबा!

आदिलाबादहून निर्मलकडे निघालात की हायवे ४४ वर इचोडा लागतं. चहाला थांबा, शेजारच्याला एकच शब्द द्या आणि म्हणा, गोष्ट ओळखा! एका शब्दावर आठवते तीच गोष्ट क्विझला पक्की. बझर रेडी?

टोमॅटो! सोप्पं. भास्कर चंदनशिवांची ‘लाल चिखल’. भाव कोसळतो आणि बाप भर बाजारात स्वतःचाच माल पायांनी तुडवतो. कापसाच्या भावाकडे डोळे लावून बसणाऱ्या इचोड्याला ही गोष्ट समजावून सांगावी लागत नाही.

बोटं! अण्णाभाऊ साठ्यांचं ‘स्मशानातील सोनं’. मढ्याच्या तोंडातलं सोनं काढताना भीमाची बोटं जबड्यात अडकतात. बोटं जातात आणि मग कळतं, बंद पडलेली खाण पुन्हा सुरू झालीय! अंगावर काटा आला ना?

भूत! द. मा. मिरासदारांची ‘भुताचा जन्म’. भूत जन्मतं कुठे? गावकऱ्यांच्या तोंडात! मोबाइल नसतानाही अफवा व्हायरल व्हायची, राव.

माहीत आहे का, १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत ‘कृष्णविवर’ लिहून पहिले आलेले नारायण विनायक जगताप कोण? जयंत विष्णू नारळीकर! ज-वि-ना उलटं वाचा: ना-वि-ज. शास्त्रज्ञाने परीक्षकांनाच कोडं घातलं!

जीए कुलकर्णी म्हणजे ए-वन! ‘काजळमाया’ला साहित्य अकादमी मिळाला, प्रकाशनाच्या तारखेवरून वाद झाला आणि जीएंनी पुरस्कार सरळ परत केला. ट्रॉफी गेली, मान वाढला.

परदेशी राउंड! ओ. हेन्रीच्या ‘द गिफ्ट ऑफ द मॅजाय’मध्ये बायको केस विकून नवऱ्याच्या घड्याळाला साखळी आणते, नवऱ्याने घड्याळ विकून तिच्या केसांसाठी कंगवे आणलेले! कुणी काय विकलं, इथे भलेभले घसरतात.

आता शेजारधर्म! पालगुम्मी पद्मराजूंची तेलुगू कथा ‘गालिवाना’ १९५२ च्या न्यूयॉर्क हेराल्ड ट्रिब्यूनच्या जागतिक स्पर्धेत दुसरी आली. ‘गाली’ म्हणजे शिवी नव्हे हं, वारा! वारा आणि पाऊस, म्हणजे वादळ. या प्रश्नाला इचोडेकर पुण्याच्या टीमला सहज मागे टाकेल.

आणि होम टीमचा स्टार माहीत आहे का? ‘अंगणातला पोपट’ लिहिणारे दिवाकर कृष्ण. वकिली कुठे करायचे? हैदराबादेत! आपला आदिलाबादही तेव्हा त्याच राज्यात. मराठी लघुकथेचं एक मोठं नाव आपल्याच बाजूचं, कॉलर टाइट!

शेवटचा राउंड घरचा. शाळा तेलुगू-इंग्रजीत आणि भांडण मराठीत, अशी घरं इथे कितीतरी. आज जेवताना लेकरांना एकच शब्द द्या: पोपट. उत्तर नाही आलं? मग तर मजाच, गोष्ट तुम्हीच सांगा!