सैतानाचा वकील कोणाच्या बाजूचा?

दोघांची जुंपली की घरातलं कुणीतरी ओरडतंच, “वाद घालू नका रे!” बिचारा वाद! गौतम ऋषींच्या न्यायसूत्रांत त्याला केवढा मान आहे. खरं काय ते दोघांनाही शोधायचंय म्हणून पुरावे देत, एकमेकांचं ऐकत केलेली चर्चा म्हणजे वाद. कसंही करून जिंकायचंच म्हणून भांडलात, तर तो जल्प. त्यात ‘छल’सुद्धा चालतो. सूत्रांवरच्या जुन्या भाष्यातली छलाची गंमत ऐका. एक जण म्हणतो, “हा मुलगा नवकंबल आहे.” म्हणजे त्याची घोंगडी नवी आहे. दुसरा लगेच म्हणतो, “नऊ घोंगड्या? मला तर एकच दिसते!” संस्कृतात ‘नव’ म्हणजे नवा आणि नऊसुद्धा! तिसरी वितंडा. स्वतःचं काहीच मांडायचं नाही, समोरच्याचं तेवढं खोडत बसायचं. आपला वितंडवाद तो हाच.

आता सांगा, सैतानाचा वकील यातलं काय करायचा?

हो, खरंच असा वकील होता! आपल्याकडे ज्ञानोबा-तुकोबांना लोकांनीच संत मानलं. कुठल्या कचेरीने चौकशी केली नाही. कॅथलिक चर्चमध्ये मात्र संतपदाला पायऱ्या आहेत: आधी ईश्वराचा सेवक, मग वंदनीय, मग धन्य आणि शेवटी संत. वसईचे गोन्सालो गार्सिया १५९७ साली जपानमध्ये धर्मासाठी मारले गेले. ते ‘धन्य’ ठरले १६२७ मध्ये आणि ‘संत’ थेट १८६२ मध्ये!

या चौकशीत शंका काढण्यासाठी १५८७ साली एक पद निर्माण झालं. लोक त्या अधिकाऱ्याला सैतानाचा वकील म्हणू लागले. त्या माणसाला केलेल्या प्रार्थनेने कुणाचा आजार बरा झाला, हा चमत्कारच म्हणता? आजार खरंच गंभीर होता का? औषधाने तर उतरला नाही ना? एकदम बरा झाला की हळूहळू? पुन्हा उलटला का? प्रश्नांवर प्रश्न!

वरवर बघितलं तर ही वितंडाच. पण मला तो अस्सल वाद वाटतो. संत व्हायला निघालेल्या माणसाशी या वकिलाचं काही वैर नसायचं. चुकीचा माणूस संत ठरू नये, एवढीच त्याची धडपड. आणि ही काळजी तर संतपद मागणाऱ्या बाजूलाही असायलाच हवी, नाही का? प्रोस्पेरो लाम्बेर्तिनी यांनी कितीतरी वर्षं हे काम केलं आणि चमत्कार कसे पारखायचे यावर मोठा ग्रंथच लिहिला. पुढे १७४० मध्ये तेच पोप झाले!

१९८३ साली पोप जॉन पॉल दुसरे यांनी ही पद्धत बदलली आणि त्या वकिलाचं काम बरंच कमी केलं. तरी विरोधी मत ऐकणं थांबलं नाही. मदर तेरेसांची चौकशी चालू असताना त्यांच्यावर कडक टीका करणारे लेखक ख्रिस्तोफर हिचन्स यांना चर्चने स्वतः साक्षीला बोलावलं. त्यांचं म्हणणं ऐकून घेतलं. मदर २०१६ मध्ये संत झाल्या.