विश्लेषण : वस्ती न हलवता पक्के घर! येरवड्याच्या प्रयोगातून लोहाऱ्याने काय घ्यावे?

यवतमाळ शहराला लागून असलेले लोहारा एकेकाळी स्वतंत्र ग्रामपंचायत होते. आता ते नगर परिषदेच्या हद्दीत आहे. गाव शहरात आले की जुन्या वस्तीतील घरांचा प्रश्नही शहरी होतो. पडायला आलेली घरे पुन्हा उभारायची कशी? लोकांना दुसरीकडे हलवायचे, की आहे तिथेच बांधायचे? पुण्यातील येरवड्याने त्याचे एक उत्तर दिले आहे.

येरवड्यात काय झाले?

केंद्राच्या जेएनएनयूआरएम अभियानातील 'बीएसयूपी' योजनेतून २००९ च्या सुमारास येरवड्यातील काही झोपडपट्ट्यांत काम सुरू झाले. संपूर्ण वस्ती पाडली नाही. पक्की घरे तशीच ठेवून फक्त कच्ची घरे नव्याने बांधायची, असे ठरले. प्रत्येक घर सुमारे २७० चौरस फुटांचे. खर्च साधारण ३ लाख रुपये, त्यातील १० टक्के वाटा कुटुंबाचा आणि उरलेला सरकारचा.

लोकांचा सहभाग कसा होता?

'स्पार्क' ही संस्था आणि 'महिला मिलन' या बचत करणाऱ्या महिलांच्या संघटनेने घरोघरी सर्वेक्षण केले. वास्तुविशारदांनी घरांचे वेगवेगळे नमुने मांडले, निवड कुटुंबांनी केली. जागा अगदी लहान असेल तिथे शेजाऱ्यांनी एकत्र येऊन बांधकाम करण्याचा पर्यायही होता. शेजार, शाळा आणि रोजगार तुटला नाही, हा मोठा फायदा.

अडचण कुठे आली?

घर पाडल्यापासून नवे घर मिळेपर्यंत राहण्याची सोय कुटुंबांनाच करावी लागली. हातावर पोट असलेल्यांसाठी हे भाडे जड जाते. त्यामुळे नियोजनात तात्पुरत्या निवाऱ्याचा विचार आधीच हवा.

आता कोणती योजना आहे?

प्रधानमंत्री आवास योजनेत (शहरी) स्वतःच्या जागेवर घर बांधण्यासाठी पात्र कुटुंबाला राज्यात केंद्र आणि राज्य मिळून अडीच लाख रुपये मिळतात. रक्कम बांधकामाच्या टप्प्यांनुसार खात्यात जमा होते. मात्र जागेचा हक्क दाखवावा लागतो. इथेच अनेकांचे अर्ज अडतात. घरपट्टीची पावती हा कर भरल्याचा पुरावा आहे, मालकीचा नाही. सरकारी जागेवरील १ जानेवारी २०११ पूर्वीची निवासी अतिक्रमणे अटींसह नियमित करण्याचे धोरण राज्याने २०१८ मध्ये आणले आहे.

लोहाऱ्यातील रहिवाशांनी सुरुवात कुठून करावी?

- गल्लीनिहाय यादी करा : कच्ची घरे किती, पक्की किती, भाडेकरू किती.
- प्रत्येक घराची जागा कोणाच्या नावावर आहे ते तपासा : खासगी, गावठाण की सरकारी.
- नाली, रस्ता, पाणी आणि शौचालयाच्या गरजा एकाच नकाशावर मांडा.
- हा नकाशा प्रभागाच्या नगरसेवकाकडे आणि नगर परिषदेकडे एकत्रित निवेदनासह द्या.

एकेकट्या अर्जाने फार तर एक घर उभे राहते. नाली आणि रस्ता हवा असेल, तर अख्ख्या गल्लीला एकत्र यावे लागते.