टेंगूळ आलं, आता काय?

पलंगावरून घरंगळलेल्या पोराच्या कपाळावर बघता बघता लिंबाएवढं टेंगूळ येतं आणि घरच्यांच्या पोटात गोळा. तिथे कातडीखाली रक्तवाहिन्या दाट आणि लगेच हाड, म्हणून सूज बाहेर फुगते. तिच्या आकारावरून आतला मार कळत नाही. बर्फ रुमालात गुंडाळून १० मिनिटं धरा (पोरगं धरू देईल तेवढा). टेंगूळ चोळून जिरवायचा आजीचा उपाय मात्र नको. झोपेची वेळ झाली असेल तर खुशाल झोपू द्या, अधूनमधून हलवून जागं होतंय ना ते बघा. वारंवार उलट्या, न उतरणारी गुंगी, झटके, नाका-कानातून पाणी किंवा रक्त, यातलं काहीही दिसलं तर थेट रुग्णालय. महाराष्ट्रात रुग्णवाहिकेसाठी १०८. वर्षाच्या आतलं बाळ हसतं-खेळतं असलं तरी डॉक्टरांना दाखवाच.