नेरूळच्या ‘टीएस चाणक्य’मध्ये जहाजच नाही, मग नावात ‘ट्रेनिंग शिप’ का?

शहापूर, मुरबाडमधून बारावी सायन्स करून मर्चंट नेव्हीत जायचं म्हटलं, की जिल्ह्यातल्याच नेरूळच्या ‘टीएस चाणक्य’चं नाव निघतं. ‘टीएस’ म्हणजे ट्रेनिंग शिप, प्रशिक्षण जहाज. पण तिथे आहे जमिनीवरचा कॅम्पस! मग हे नाव आलं कुठून?

सैनिक वाहणारं जहाज

‘डफरीन’ हे जहाज 1904 साली इंग्लंडमध्ये बांधलं गेलं. रॉयल इंडियन मरीन, म्हणजे आजच्या नौदलाची पूर्वज संस्था, ते सैनिकांच्या वाहतुकीसाठी वापरायची. पहिल्या महायुद्धात त्याने तांबड्या समुद्रात गस्तही घातली.

त्याची शाळा का झाली?

तेव्हा ब्रिटिश कंपन्यांच्या जहाजांवर कोकणातले कित्येक खलाशी राबत होते. अधिकाऱ्यांच्या जागा मात्र गोऱ्यांकडे. भारतीय तरुणांनाही अधिकारी होता यावं, यासाठी प्रशिक्षण जहाज सुरू करा, अशी शिफारस 1923 मध्ये नेमलेल्या सरकारी समितीने केली. त्यानुसार 1927 मध्ये माझगावजवळ नांगरलेलं ‘डफरीन’ शाळा बनलं. मुलं तीन वर्षं जहाजावरच राहून शिकायची.

पहिल्याच तुकडीतले रामदास कटारी 1958 मध्ये भारतीय नौदलाचे पहिले भारतीय प्रमुख झाले.

पुढे काय झालं?

1972 मध्ये ‘डफरीन’ची जागा ‘राजेंद्र’ या जहाजाने घेतली. 1993 मध्ये प्रशिक्षण नेरूळच्या किनाऱ्यावर आलं. जहाज गेलं, ‘टीएस’ राहिलं. आज चाणक्य इंडियन मेरिटाइम युनिव्हर्सिटीचा भाग आहे.

आता प्रवेश कसा मिळतो?

बीएस्सी नॉटिकल सायन्ससाठी बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स या विषयांत सरासरी 60 टक्के आणि दहावी किंवा बारावीला इंग्रजीत 50 टक्के गुण लागतात. त्यासोबत आयएमयू-सीईटी ही परीक्षा द्यावी लागते. रंगांधळेपणा असेल, तर डेक विभागात प्रवेश मिळत नाही.

पदवी मिळाली म्हणून कुणी लगेच अधिकारी होत नाही. आधी कॅडेट म्हणून प्रत्यक्ष जहाजावर काम करावं लागतं आणि मग परीक्षा. त्यामुळे ‘थेट जहाजावर नोकरी’ सांगून पैसे मागणारा एजंट भेटला, तर सावध व्हा. संस्थेला डीजी शिपिंगची मान्यता आहे का, हे त्यांच्या वेबसाइटवर तपासा. त्यानंतरच पैशांचं बोला.