गव्हातले तण आणि मूत्रमार्गातील गाठी



आमच्या विभागाच्या पानावर तांबेरा, काणी, हुमणी यांचीच माहिती यायची. यावेळी माणसाच्या मूत्रपिंडातील गाठींबद्दल लिहिले म्हणून काहींना नवल वाटेल. पण ही हकिगत एका तणापासून सुरू होते, आणि तण म्हटले की ते आमच्याच खात्याचे काम.

युरोपच्या आग्नेय भागात डॅन्यूब नदीला सावा, मोरावा वगैरे नद्या मिळतात. सर्बिया, क्रोएशिया, बोस्निया, बल्गेरिया, रुमानिया या देशांतील हा सखल, गव्हाचा मुलूख. १९५६ च्या सुमारास येथील डॉक्टरांनी एका चमत्कारिक रोगाची नोंद केली. चाळिशी-पन्नाशीतल्या शेतकऱ्यांची दोन्ही मूत्रपिंडे हळूहळू आकसून निकामी होत. एका गावात रोग, तर पलीकडच्या गावात नाही. एका घरात तिघे आजारी, तर शेजारी ठणठणीत. बरे, रोग रक्तातून येतो म्हणावे तर बाहेरून येऊन राहिलेल्या माणसांनाही पंधरा-वीस वर्षांनी तो होई. आणि यातल्या पुष्कळ रुग्णांना पुढे मूत्रपिंडाच्या नरसाळ्यात किंवा मूत्रवाहिनीत गाठ निघे. ही जागा अशी, की एरवी तेथे गाठ क्वचितच होते.

पाणी, माती, बुरशी, विषाणू अशा सगळ्यांवर संशय घेऊन झाला. १९६९ साली सर्बियातील डॉ. इविच यांनी बोट दाखवले ते गव्हातल्या एका तणाकडे. पिवळ्या फुलांचे, हृदयाच्या आकाराच्या पानांचे, जमिनीत मुळ्या पसरून फुटणारे हे तण, म्हणजे आपल्याकडच्या लव्हाळ्यासारखेच चिवट. शास्त्रीय नाव अ‍ॅरिस्टोलोकिया क्लेमॅटायटिस. याची बोंडे गव्हाच्या कापणीच्या वेळी पिकतात. बी गव्हात जाते, गहू दळणात जातो, आणि घरच्या पिठाची भाकर वर्षानुवर्षे पोटात. शेजाऱ्याचे रान स्वच्छ असेल तर शेजारी वाचला. इविच यांच्या म्हणण्याकडे त्या वेळी फारसे कुणी लक्ष दिले नाही.

पुढे उलगडा झाला तो भलतीकडेच. बेल्जियममध्ये १९९० नंतर वजन उतरवण्यासाठी चिनी वनस्पतींच्या गोळ्या घेतलेल्या शंभराहून अधिक बायकांची मूत्रपिंडे निकामी झाली. तपासात निघाले की गोळीत एका मुळीऐवजी दुसरीच मुळी गेली होती. चिनी भाषेत दोहोंची नावे मिळतीजुळती, 'फांगजी'. चुकून गेलेली मुळी याच अ‍ॅरिस्टोलोकिया कुळातली! यांपैकी ३९ जणींनी आपली निकामी मूत्रपिंडे व मूत्रवाहिन्या काढून टाकायला संमती दिली, तेव्हा १८ जणींच्या अस्तरात कर्करोग सापडला. हे २००० साली प्रसिद्ध झाले. मग २००७ मध्ये अमेरिकेतील डॉ. ग्रोलमन व त्यांच्या क्रोएशियन सहकाऱ्यांनी डॅन्यूबकाठच्या रुग्णांच्या पेशींत याच तणाच्या विषाची खूण दाखवून दिली. हे विष पेशीच्या बीजद्रव्याला जाऊन चिकटते, आणि चिकटलेल्या जागी नक्कल करताना ठराविक प्रकारची चूक होते. चुकीचा हा नमुना इतका ओळखीचा, की बैलाच्या खुरावरून बैल ओळखावा. खाल्ल्यावर वीस-तीस वर्षांनीसुद्धा ती खूण मिळते.

आता गाठी म्हणजे काय ते पाहू. मूत्रपिंडाचे दोन भाग ध्यानात घ्यावेत. एक गर. यात प्रत्येक बाजूला सुमारे दहा लाख बारीक गाळण्या असतात. दुसरा भाग गाळलेले पाणी गोळा करणारे नरसाळे. तेथून साधारण २५ सेंटिमीटर लांबीची मूत्रवाहिनी निघते ती थेट मूत्राशयात. नरसाळ्यापासून मूत्राशयापर्यंत या सगळ्या पाइपलाइनीला आतून एकच अस्तर आहे, पेशींच्या काही थरांचे. गराची गाठ वेगळी आणि अस्तराची वेगळी, दोन्ही एकाच अवयवात असल्या तरी.

मोठ्या माणसांत गराच्या कर्करोगांपैकी सुमारे पाऊण हिस्सा एकाच प्रकारचा असतो. कापली की ही गाठ सोनेरी पिवळी दिसते, मधूनमधून रक्ताचे डाग. पिवळेपणा पेशींत साठलेल्या चरबीचा. काच तयार करताना ती चरबी विरघळून जाते आणि सूक्ष्मदर्शकाखाली पेशी रिकाम्या, पारदर्शक दिसतात. याच चरबीमुळे १८८३ मध्ये ग्राविट्झ नावाच्या जर्मन डॉक्टरांचा समज झाला की ही गाठ मूत्रपिंडावर बसलेल्या दुसऱ्याच एका ग्रंथीपासून उगवते. तो समज चुकीचा निघाला, तरी त्यांचे नाव गाठीला बरीच वर्षे चिकटून राहिले. ही गाठ नव्या रक्तवाहिन्या भराभर ओढून घेते, शिरेत शिरते आणि फुप्फुसाकडे किंवा हाडांकडे जाते. पोटात असूनही बराच काळ बोलत नाही, हे तिचे वाईट. गरातली प्रत्येक गाठ कर्करोगाचीच असते असे मात्र नाही. काही साध्याही असतात.

लहान मुलांच्या मूत्रपिंडात होणारी गाठ आणखी निराळी. दोन ते पाच वर्षांच्या पोराला आंघोळ घालताना कुशीत गोळा हाताला लागतो. तो दाबून दाबून शेजारणींना दाखवत बसू नये, सरळ दवाखाना गाठावा. वेळेवर उपचार झाले तर यातली बहुतेक मुले बरी होतात.

अस्तराची गाठ बहुधा आतल्या पोकळीत फ्लॉवरच्या गड्ड्यासारखी वाढते, नाजूक देठाची. मूत्राशयात ती सर्वांत जास्त आढळते, कारण लघवी तेथे तास-तासभर साठून राहते आणि लघवीतून जाणारे विष तितका वेळ अस्तराला लागून असते. १८९५ मध्ये जर्मनीतील डॉ. रेन यांनी रंगाच्या कारखान्यातील कामगारांत हे प्रथम ओळखले. त्या रंगद्रव्यांच्या जातीचीच रसायने विडी-सिगारेटच्या धुरात असतात. धूर छातीत जातो खरा, पण त्यातले विष रक्तातून गाळले जाऊन शेवटी मूत्राशयातच मुक्कामाला येते. मूत्राशयाच्या कर्करोगांपैकी जवळपास निम्म्यांना धूम्रपान कारणीभूत धरतात. फडात, गाडीवर, काट्यावरच्या रांगेत विडीचे जुडगे संपवणाऱ्यांनी हे वाचून दुसऱ्याला सांगू नये, स्वतःपुरते धरावे.

ते तण आपल्याकडे नाही, पण त्याची भावंडे आहेत. काळ्या रानात जमिनीसरशी पसरणारी, उग्र वासाची किडामारी, आणि सर्पदंशावर म्हणून सांगितली जाणारी ईश्वरीची वेल, दोन्ही याच कुळातल्या. जंतांवर, तापावर, बाळंतिणीला म्हणून यांचे काढे देण्याची चाल आहे. आमचा जडीबुटीला सरसकट विरोध नाही. पण या दोहोंचा काढा पोटात घेऊ नये. आणि आठवडी बाजारात मुतखड्यावर म्हणून विकतात त्या मुळ्यांच्या भुकटीत काय आहे हे विकणाऱ्यालाही ठाऊक नसते. बेल्जियममध्ये सुशिक्षितांची फसगत झाली, ती मुळ्यांची नावे मिळतीजुळती म्हणूनच.

ओळखायचे कसे? लघवीतून रक्त जाणे, आणि तेही दुखल्याशिवाय. मुतखडा असेल तर माणूस गडबडा लोळतो, त्यामुळे तो दवाखान्यात जातोच. गाठीचे रक्त एक-दोन दिवस जाते, आपोआप थांबते, आणि माणूस म्हणतो उन्हाळी लागली होती, धने-जिऱ्याच्या पाण्याने गेली. रक्त थांबले म्हणजे गाठ गेली असे नव्हे. चाळिशीच्या पुढच्या माणसाने असे एकदा जरी पाहिले तरी लघवी तपासून, सोनोग्राफी करून घ्यावी. (बीट खाल्ल्यावरही लघवी लाल होते, तेवढे आठवून पाहावे.) सोनोग्राफीत मूत्रवाहिनीतली लहान गाठ सुटू शकते. डॉक्टरांनी सीटी स्कॅन किंवा दुर्बीण सांगितली तर 'सोनोग्राफी नॉर्मल आहे की' म्हणून टाळू नये.

गाठ काढली की तुकडा तपासणीला जातो. लाल कूज वरून कळत नाही, ऊस उभा चिरून आतला लाल गर आणि त्यातले पांढरे आडवे पट्टे पाहावे लागतात, तसेच येथे. तुकडा मेणात बसवून केसाहून कितीतरी पातळ काप घेतात व रंग देऊन पाहतात. रिपोर्टात दोन गोष्टी बघायच्या. पेशी किती बिघडल्या आहेत, आणि गाठ अस्तरातच आहे की खालच्या स्नायूत उतरली. मूत्राशयाच्या गाठींपैकी सुमारे तीन-चतुर्थांश स्नायूत उतरण्याआधी सापडतात. त्या दुर्बिणीतून खरवडून काढता येतात, आणि गरज पडल्यास क्षयाची जी बीसीजी लस लहानपणी दंडावर टोचतात, तीच मूत्राशयात सोडतात. हा उपाय १९७६ पासून माहीत आहे. स्नायूत उतरलेल्या गाठीला बहुधा मूत्राशय काढणे किंवा किरणोपचार.

बिघाड एका गाठीपुरता नसून साऱ्या अस्तरात पसरलेला असू शकतो. म्हणूनच मूत्रवाहिनीतील गाठीसाठी बहुधा त्या बाजूचे मूत्रपिंड, पूर्ण वाहिनी आणि मूत्राशयाचा लगतचा तुकडा असे सगळे काढतात, आणि मूत्राशयाची गाठ काढल्यावर पहिली दुर्बीण तीन महिन्यांनी, मग डॉक्टर सांगतील तशी पुढची काही वर्षे करावी लागते. गळीत हंगाम सुरू आहे, तोडीची पाळी आली आहे, या कारणावरून ती तारीख पुढे ढकलू नये. अशा तारखेच्या दिवशी तोडीची पाळी आली असेल तर गट ऑफिसात आधी सांगावे. पाळी बदलून देता येते.