जस्त शिल्लक असेपर्यंत

तारापूर, तळोजा किंवा खेडजवळचं लोटे परशुराम. यातल्या कुठल्याही औद्योगिक वसाहतीत जुन्या निळ्या शेडच्या भिंतीवर तळवा घासला, की हाताला निळसर पांढरी भुकटी लागते. उन्हातल्या अतिनील किरणांनी रंगातली राळ मोडलेली असते आणि तिने धरून ठेवलेलं रंगद्रव्य सुटं होऊन वर आलेलं असतं. रंगकाम करणारे याला चॉकिंग म्हणतात. कारखान्याचे मालक बहुधा या भुकटीला घाबरूनच रंगाच्या कंत्राटदाराला फोन लावतात. पण चॉकिंगने पत्रा मरत नाही. मरण येतं ते कडेकडून, आणि तिकडे शिडी लावून बघायला कुणी चढत नाही.

मुळात हा पत्रा किती पातळ थरांवर उभा असतो! मधे अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास पोलाद. दोन्ही बाजूंना सुमारे २० मायक्रॉनचा लेप, जस्ताचा किंवा ५५ टक्के ॲल्युमिनियम आणि उरलेलं बहुतेक जस्त अशा मिश्रधातूचा. त्यावर ५ मायक्रॉन प्रायमर आणि बाहेरच्या बाजूला २० मायक्रॉन पॉलिएस्टर रंग. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो. म्हणजे कोकणातलं ऊन, पाऊस आणि खारा वारा झेलणारा रंग केसाच्या तिसऱ्या हिश्शाहूनही पातळ. पन्हळी पत्र्याचं पेटंट लंडनच्या गोदीचे अभियंते हेन्री पामर यांनी १८२९ मध्ये घेतलं, तेव्हा तो उघड्या लोखंडाचा होता आणि भराभर गंजायचा. १८३७ मध्ये फ्रान्समध्ये स्तानिस्लास सोरेल यांनी वितळलेल्या जस्तात लोखंड बुडवण्याच्या प्रक्रियेचं पेटंट घेतलं आणि पत्र्याला आयुष्य मिळालं. आजही पत्र्याचं आयुष्य म्हणजे त्यावरचं जस्तच. रंगाचं काम त्या जस्ताची राखण करणं.

रंगीत पत्र्याचा रंग कारखान्यात अखंड रिळावर चढतो आणि पत्रे नंतर कापले जातात. म्हणून कापलेल्या कडेला पोलाद उघडंच राहतं. शेजारचं जस्त स्वतः झिजून त्या कडेला सांभाळतं. पण एका पत्र्याचं टोक दुसऱ्यावर चढतं त्या जोडात पाण्याचा पातळ पदर अडकतो आणि पाऊस थांबला तरी लवकर वाळत नाही. तिथलं जस्त भराभर खर्ची पडतं आणि रंग कडेपासून मागे सोलत जातो. ॲल्युमिनियम-जस्ताचा लेप सपाट भागावर जास्त टिकाऊ आहे, पण कडेला तो निव्वळ जस्ताइतका उपयोगी पडत नाही. त्यात पत्रा जागेवर ग्राइंडरने कापला असेल तर कडेचं जस्त जळतं, आणि उडालेला लोखंडी कीस रंगात रुतून पहिल्याच पावसात तपकिरी ठिपके देतो. पत्रा कात्रीनेच कापावा असं सगळे जाणकार सांगतात. साइटवर ग्राइंडरच फिरताना दिसतो.

दुरुस्तीचा सगळा निर्णय इथे, कडेपाशी होतो. सोललेल्या रंगाखाली पांढरा गंज दिसला तर जस्त झिजतंय, पण अजून आहे. लाल गंज दिसला तर पोलादाला लागण झाली. तरी घासून, साफ करून ते वाचवता येतं. भोक पडलं की तो पत्रा बदलायचा, त्यावर रंग मारणं म्हणजे मालकाची फसवणूक. मला या कामात सर्वांत खटकते ती वेळेची उधळपट्टी. पांढरा गंज दिसतो त्या काळात कुणी लक्ष देत नाही आणि गळती सुरू झाल्यावर धावपळ होते. तोवर थोडक्यात वाचले असते ते पत्रे भंगारात जातात, आणि नवे बसवण्यासाठी खालची यंत्रं थांबवावी लागतात.

चांगला कंत्राटदार आधी छोट्या जागेवर रंग लावून तो वाळू देतो, ब्लेडने बारीक चौकटी पाडतो, वर चिकटपट्टी दाबून झटक्यात ओढतो. चौकटी निघून आल्या तर जुन्या थरावर नवा थर बसणार नाही, हे तिथेच कळतं. मग धुणं येतं. दाबाच्या पाण्याने भुकटी, शेवाळ, मीठ, चिमणीची काजळी, सगळं निघालं पाहिजे. भुकटीवर मारलेला रंग भुकटीसकट निघतो. गंजलेले स्क्रू आणि वाळून चिरलेले वॉशर बदलायचे, कडा घासून प्रायमर लावायचा, जोडांमध्ये लवचीक सीलंट भरायचं. निविदेत मात्र दर असतो रंगाच्या चौरस फुटाचा. धुण्याला आणि कडेला वेगळे पैसे नसले की तीच कामं गुंडाळली जातात. मोजमाप-वहीत कडेची लांबी मीटरमध्ये वेगळी लिहिली, तर हे बरंचसं थांबेल.

फवारणी यानंतर. एअरलेस पंप हवा न मिसळता रंगच दीडशे-दोनशे बारच्या दाबाने अर्ध्या मिलिमीटरहूनही बारीक छिद्रातून ढकलतो. गन पत्र्यापासून फूटभर अंतरावर, काटकोनात, आणि प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्यावर निम्मा चढलेला. पन्हळीच्या उभ्या बाजूंवर रंग कमी बसतो, म्हणून हात दोन्ही दिशांनी फिरवावा लागतो. कारागीर ओल्या रंगात दातेरी पट्टी टेकवून जाडी बघत राहतो: रंगात घन भाग ६० टक्के असेल, तर १०० मायक्रॉन ओला थर वाळून ६० उरतो.

हवामानाची गणितं कडक आहेत. पत्र्याचं तापमान दवबिंदूपेक्षा किमान ३ अंश जास्त हवं आणि हवेतली आर्द्रता ८५ टक्क्यांच्या आत. म्हणून हिवाळ्यातल्या सकाळी दव उडेपर्यंत थांबायचं. दुपारी पत्रा इतका तापतो, की रंगाचे थेंब पोचण्याआधीच सुकायला लागून खरखरीत बसतात. किनाऱ्याजवळ दुपारनंतर समुद्रावरून वारा सुटतो आणि उडालेला तुषार शेजारच्या आवारातल्या गाड्यांवर जाऊन बसतो. हाती उरतात दिवसाचे मोजके तास. कामाची मुदत ठरवताना हे तास कुणी मोजत नाही आणि मग घाईत दवावरच रंग पडतो.

छपरावरच्या माणसांबद्दल सांगितलंच पाहिजे. उजेडासाठी बसवलेले फायबरचे पत्रे धुळीने माखले, की लोखंडी पत्र्यांसारखेच दिसतात. त्यांवर पाय पडला की माणूस थेट खालच्या मशीनवर. चढण्याआधी त्या जागा झाकणं, चालायला फळ्या टाकणं, पट्टा लाइफलाइनला अडकवणं, यात सवलत नको. दोन घटकांच्या पॉलियुरेथेन रंगातल्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. त्याचा तुषार श्वासात गेला तर दमा जडू शकतो आणि तोंडाला गुंडाळलेला रुमाल तो अडवत नाही. बाहेरून हवा पुरवणारा मास्कच हवा. गनची धार कातडीत घुसली तर जखम टाचणीएवढी दिसते, पण आत रंग पसरलेला असतो. लगेच शल्यचिकित्सकाकडे पोचलं नाही, तर बोट गमवावं लागू शकतं. कारागिराला हे पंप सुरू करण्याआधी सांगायला हवं.

काम संपल्यावरही एक जागा विसरली जाते. छपरावरचं मीठ पावसाने धुतलं जातं, पण वळचणीखालच्या भिंतीवर पाऊस पोचत नाही, तिथे ते साचत राहतं. वर्षातून एकदा त्या पट्ट्यावर साध्या पाण्याचा पाइप फिरवावा आणि पावसाळा संपला की ऑक्टोबरात शिडी लावून जोडांच्या कडा बघाव्यात. कुठे पांढरं दिसलं, तर तेवढ्याच भागाला घासून प्रायमर लावता येतो. त्याला पंपही लागत नाही, ब्रश पुरतो.