जोडीदाराच्या उद्योगात आपली जागा

विवाहानंतर अनेक सुशिक्षित स्त्रिया, आणि आता काही पुरुषही, जोडीदाराच्या कौटुंबिक व्यवसायाशी जोडले जातात. भागीदारीपत्रात नाव असते, कागदपत्रांवर सह्या होतात. परंतु ‘माझे काम नेमके कोणते?’ हा प्रश्न अनुत्तरितच राहतो.

बेंगळुरूच्या सुधा मूर्ती यांचे उदाहरण या संदर्भात उद्बोधक आहे. टेल्कोमध्ये नेमणूक मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला अभियंत्या. १९८१ साली पुण्यात इन्फोसिस स्थापन झाली, तेव्हा पती नारायण मूर्ती यांना त्यांनी आपल्या बचतीतून १०,००० रुपये दिले. आरंभीच्या दिवसांत स्वयंपाक, कारकुनी व प्रोग्रॅमिंग अशी पडेल ती कामेही केली. मात्र पती-पत्नी दोघांनीही कंपनीत असू नये, असा नारायण मूर्तींचा आग्रह होता. कंपनी एका घराण्याची होऊ नये, ही त्यामागील भूमिका. पात्रता असूनही सुधा मूर्ती बाजूला राहिल्या.

१९८३ मध्ये कंपनी बेंगळुरूला आली. १९९६ मध्ये इन्फोसिस फाउंडेशन स्थापन झाले आणि त्यांना आपले कार्यक्षेत्र गवसले. ग्रंथालये, आरोग्यसेवा, देवदासींचे पुनर्वसन अशी कामे त्यांनी २०२१ अखेर निवृत्त होईपर्यंत केली. या काळातील अनुभवांवरील त्यांची पुस्तके लीना सोहोनी यांच्या अनुवादांमुळे मराठी घराघरांत पोहोचली. तथापि पत्नीला कंपनीबाहेर ठेवणे चुकीचे होते, असे नारायण मूर्तींनी २०२४ मध्ये एका मुलाखतीत मान्य केले. जोडीदाराने मार्ग शोधला, म्हणून त्याला नाकारलेली संधी योग्य ठरत नाही, हेच यातून दिसते.

लहान दुकान वा कारखान्यालाही हे लागू पडते. हिशेब, खरेदी, वसुली, ग्राहकसेवा यांपैकी एक काम पूर्णपणे सोपवावे. त्यातील निर्णयाचा अधिकार व मोबदला आधीच ठरवावा. कायदाही कौशल्याची दखल घेतो. व्यवसायात पतीचा भरीव हिस्सा असेल, तर तेथून पत्नीला मिळणारे वेतन सामान्यतः पतीच्या उत्पन्नात मिळवले जाते. पत्नीच्या तांत्रिक वा व्यावसायिक पात्रतेच्या बळावर ते मिळाले असेल, तर मात्र नाही. पत्नीच्या व्यवसायात काम करणाऱ्या पतीसही हाच नियम लागू आहे.

आणखी एक सावधगिरी. कर्जासाठी जामीनदार म्हणून सही केली की, करारात वेगळे नमूद नसल्यास, कर्जदाराइतकीच जबाबदारी येते. म्हणून सही करण्यापूर्वी ताळेबंद समजून घ्यावा. नुसती सही म्हणजे सहभाग नव्हे; व्यवहाराची जाण आणि निर्णयात वाटा असेल, तरच ती भागीदारी.